चेहऱ्याच्या फोटोसाठी जुनी मॅन्युअल लेन्स कशी निवडावी?



ओळखपत्र, स्नेहसंमेलन, सातवीचा निरोप समारंभ, गुणवंतांचा फलक... शाळेत मुलांचे फोटो सतत लागतात. ते काढायचं काम ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या गळ्यात पडतं. नवीन पोर्ट्रेट लेन्स खिशाला परवडत नाही. मग कुणीतरी सांगतं, "जुनी रशियन लेन्स घ्या, स्वस्तात काम होतंय." हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. लेन्सचं नाव बघण्याआधी दोन गोष्टी मोजायच्या असतात: आपली जागा आणि आपला कॅमेरा. आजच्या पाठात तेच मोजमाप शिकूया.

आधी फळ्यावर करता येईल असं एक गणित. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत अंतर साधारण १२ सेंमी धरा. मोबाईल नाकापासून ४० सेंमीवर धरला तर कान ५२ सेंमीवर राहतो. ५२ भागिले ४० म्हणजे १.३, म्हणून नाक कानाच्या तुलनेत ३० टक्के मोठं उमटतं. आता १६० सेंमीवर उभे राहा. १७२ भागिले १६० केलं की फरक साडेसात टक्क्यांवर येतो. मोबाईलमध्ये गोड पोरगंसुद्धा नाकाळू का दिसतं, त्याचं कारण हे. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती अंतरामुळे. पोर्ट्रेट लेन्सचं पहिलं काम एवढंच, की आपण दीड-दोन मीटर मागे उभे असतानाही चेहऱ्याने चौकट भरावी.

किती मागे जावं लागेल, हे लेन्सचं नाभीय अंतर आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांवरून ठरतं. आपल्यापैकी बहुतेकांकडे छोट्या सेन्सरचा, म्हणजे क्रॉप बॉडीचा कॅमेरा असतो. त्यावर जुन्या लेन्सचा आकडा निकॉन-सोनीत १.५ ने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणायचा. ५८ मिमीची लेन्स तिथे ८७ मिमीसारखी वागते. कॅमेरा उभा धरून डोकं-खांदे, म्हणजे ६० सेंमी उंचीचा भाग घ्यायचा असेल तर ५८ मिमीला सुमारे दीड मीटर, ८५ ला सव्वादोन आणि १०५ ला पावणेतीन मीटर अंतर लागतं. वर्गात बाकं सरकवून दीड-दोन मीटर जागा निघते, पावणेतीन मीटरसाठी व्हरांडा गाठावा लागतो. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर ८५ मिमीला दीड मीटर पुरतं. म्हणून ८५ ची कीर्ती ऐकून क्रॉप बॉडीसाठी तीच घ्यायची घाई करू नका.

खरी गोची माउंटमध्ये आहे. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेलं असतं. जुन्या एम ४२ चुडीच्या लेन्सला ४५.४६ मिमी हवं. कॅननच्या ईएफ बॉडीत ते ४४ मिमी आहे, म्हणजे १.४६ मिमी उरतात. तेवढ्यात पातळ अडॅप्टर बसतो आणि लेन्स दूरचंही स्पष्ट दाखवते. मिररलेसमध्ये तर सोनी ई १८, निकॉन झेड १६ आणि कॅनन आरएफ २० मिमी. तिथे नुसती पोकळ नळी लावली की भागतं.

निकॉनच्या डीएसएलआरमध्ये मात्र हे अंतर ४६.५ मिमी. लेन्स आधीच एक मिमी पुढे गेली, त्यात अडॅप्टरची जाडी एक मिमी धरली तर ५८ मिमीची लेन्स सुमारे पावणेदोन मीटरच्या पलीकडे फोकसच होत नाही. दुकानदार यावर काच असलेला अडॅप्टर देतो. माझ्या मते तो घेऊ नये, त्या स्वस्त काचेने चित्र मऊ पडतं. निकॉनवाल्यांनी सरळ जुनी निक्कोर बघावी. ती अडॅप्टरशिवाय बसते. फक्त दोन पथ्यं: १९७७ च्या आधीची, 'एआय' न केलेली निक्कोर बऱ्याच निकॉन बॉड्यांवर चढवली तर बॉडीची छोटी खिट्टी मोडू शकते. आणि डी ३५००, डी ५६०० अशा बॉड्यांवर जुन्या लेन्सने मीटर चालत नाही, उजेडाचा अंदाज स्वतः घ्यावा लागतो.

आता नावांकडे वळू. हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ २ ची सोव्हिएत लेन्स झेनिट कॅमेऱ्यासोबत यायची. तिची रचना जर्मनीतल्या झाइस बायोटारवरून घेतलेली. मागे झाडाची पानं असतील तर ती गोल भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात, त्यावर लोक भाळतात. ओळखपत्राच्या फोटोला त्या भोवऱ्याचा काही उपयोग नाही, पण ५८ चा आकडा आणि अर्ध्या मीटरपर्यंत जवळ फोकस होणं, हे आपल्या कामाचं आहे. क्रॉप बॉडीसाठी मी हीच सुचवेन. पुढच्या ४४एम-४ वगैरे प्रकारांत मागे एक पिन असते. ती दाबणारा अडॅप्टर नसेल तर अ‍ॅपर्चर कायम उघडंच राहतं.

ज्युपिटर-९ म्हणजे ८५ मिमी, एफ २. अ‍ॅपर्चरला पंधरा पाती, त्यामुळे मागचे दिवे छान गोल येतात. पण ती रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी ३९ मिमी चुडीतही निघत असे. ती डीएसएलआरला चालत नाही, तेव्हा चुडी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ताकुमार ५५ मिमी, एफ १.८ बनावटीला सुंदर, फोकस रिंग लोण्यासारखी फिरते. काही ताकुमारच्या काचेत थोरियम असल्याने ती पिवळी पडते. खिडकीत उन्हात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो, आणि उन्हाला सोलापुरात काय तोटा! निक्कोर १०५ मिमी, एफ २.५ चं काम तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे: नॅशनल जिओग्राफिकच्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. स्टीव्ह मॅककरींनी तो फोटो याच लेन्सने काढला होता. मोकळी जागा असेल तर हिच्यासारखी लेन्स नाही.

लेन्स हातात आली की नावापेक्षा तब्येत बघा. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये दमटपणामुळे बुरशी असू शकते. मोबाईलचा टॉर्च मागून मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत द्या. आपल्याकडची खोड वेगळी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, आतलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. पात्यांवर तेलकट चमक दिसली तर किंमत पाडून मागा. हेलिओस ४४-२ ला हा दोष फारसा आडवा येत नाही, कारण तिची पाती आपण हातानेच फिरवतो. पण फोकस रिंग घट्ट झालेली किंवा खुळखुळणारी लेन्स घेऊ नका. समोरच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, त्याच्यावरून घासाघीस मात्र जरूर करा. घेतलेली लेन्स उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये.

वापरताना सोनी-कॅननच्या मेनूत 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाची सोय असते. मिररलेसवर ती बहुधा चालू करावी लागते. एफ २ वर दीड मीटरवरून फक्त पाच सेंमी खोली स्पष्ट येते, म्हणजे डोळे स्पष्ट आणि कान धूसर. एफ ४ केलं तर दहा-अकरा सेंमी मिळतात. शाळेच्या फोटोंना मी एफ ४ च ठेवायला सांगेन. जुन्या लेन्सला समोरून ऊन लागलं की चित्र पांढुरकं होतं, म्हणून हूड लावा आणि मुलांना कडुनिंबाच्या सावलीत उभं करा. गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेल्या भक्ताचा फोटो घेताना कॅमेरा त्या पांढऱ्याला फसून चेहरा काळवंडतो, तेव्हा उजेड एक स्टॉप वाढवा.

पळणाऱ्या पोरांसाठी मात्र ही लेन्स नाही. कबड्डीच्या सामन्याला आपली १८-५५ च बरी. किंबहुना पैसे घालण्याआधी तिचीच रिंग ५५ वर नेऊन, दीड मीटर मागे उभे राहून आठवडाभर चेहरे टिपा. तिथे ती एफ ५.६ देते, एफ २ ची लेन्स तिच्या जवळपास आठपट उजेड घेते. वर्गातल्या कमी उजेडात फोटो हलत असतील किंवा मागचा फळा नको तितका स्पष्ट येत असेल, तर जुन्या लेन्सचा शोध सुरू करा. तसं काही होत नसेल तर ते पैसे वर्गाच्या वाचन कोपऱ्याला द्या.