दिवा हिरवा की नारिंगी?

प्रश्न : माझं वय ६७. मधुमेह जुना आहे. डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलत असताना मध्येच इंटरनेट जातं. मुलगा पुण्याहून फोनवर विचारतो, "बाबा, कॉम्प्युटरला मागे केबल लागते तिथला दिवा हिरवा आहे की नारिंगी?" मला दोन्ही सारखेच दिसतात. काय करू?
— एक वाचक, टेंभी नाका, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. इंटरनेटची सोपी, म्हणून ती आधी उरकू.

केबल जिथे खोचतो तिथे, म्हणजे नेटवर्क कार्डावर, बहुधा दोन बारीक दिवे असतात. एक जोडणी झाल्याचं सांगतो, दुसरा माहितीची ये-जा सुरू असताना लुकलुकतो. काही कार्डांवर एकच दिवा दोन्ही कामं करतो. रंगावरून बहुतेक वेळा वेग कळतो, पण कोणता रंग कोणत्या वेगाचा हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं ठरवते. वेग १०० एमबीपीएस असो वा १०००, व्हिडिओ कॉलला त्यातले चार-पाच पुरतात. तेव्हा नारिंगी म्हणजे बिघाड नव्हे. रंगाचं सोडा, दिवा पेटला आहे की नाही, एवढंच पाहा.

दिवा विझलेला असेल तर : राउटर चालू आहे ना ते बघा. केबल दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. तरी पेटला नाही, तर राउटरची दुसरी खाच, मग दुसरी केबल लावून बघा.

दिवा पेटलेला, पण इंटरनेट नाही : नाडी लागते म्हणून माणूस निरोगी ठरत नाही, तसंच हे. हा दिवा कॉम्प्युटर ते राउटर एवढ्याच टप्प्याची ग्वाही देतो. आता फायबरच्या डब्याकडे वळा. 'एलओएस' अशी इंग्रजी अक्षरं असलेला दिवा एरवी विझलेला असतो. तो पेटला किंवा लुकलुकू लागला, तर बाहेरून प्रकाशाचा संकेत येत नाही असं समजा आणि कंपनीला फोन करा. फायबरची बारीक वायर उपसून तिच्या टोकात डोकावू नका. त्यातला लेझर अवरक्त असतो; तो दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही.

टेबलाखाली वाकू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर झटकन उठताना भोवळ येते. मोबाइलने फोटो काढून मुलाला पाठवा.

आता डोळ्यांचं. हिरवा-नारिंगी लहानपणापासून ओळखता येत नसेल, तर तो जन्मजात रंगदोष. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं तो पुरुषांत जास्त आढळतो. त्यावर औषध नाही, पण तो वाढतही नाही. मात्र हा फरक अलीकडे जाणवू लागला असेल, तर दुर्लक्ष नको. मोतीबिंदूत रंग मळकट, पिवळट दिसतात. डोळ्याच्या नसेला इजा झाली तरी रंग फिके पडतात. क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉल या गोळीनंही काहींना लाल-हिरवा ओळखणं जड जातं. ती चालू असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. मधुमेहात दृष्टिपटल बिघडू लागतं तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी हवीच, आणि ती व्हिडिओवर होत नाही.

व्हिडिओ तुटला तर साध्या फोनवर बोला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार आवाजी कॉलवरचा सल्लाही ग्राह्य आहे. पण छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, अचानक दिसेनासं होणं, अशा वेळी राउटर चालू-बंद करत बसू नका. १०८ ला फोन लावा.

इंटरनेट आज ना उद्या सुरू होईल. तुम्ही या आठवड्यात डोळे तपासून घ्या.