वराटी : वऱ्हाडच्या नावाचा राग

अमरावती-अकोल्याकडे कापसाचा विषय निघाला की आपण तासभर बोलतो. पण या मुलखाच्या नावाचा एक राग आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? तो राग वराटी, ऊर्फ बरारी. नाव वऱ्हाडाशी जोडले जाते आणि मला ते पटते, केवळ अभिमानापोटी नव्हे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वराटीचे कौंतली, द्राविडी, सैंधवी असे प्रकार येतात. कुंतल, द्रविड, सिंधु हे सारे मुलूखच! गुर्जरी तर उघडच गुजरातची. तिचाही ‘महाराष्ट्र गुर्जरी’ हा प्रकार तेथे आहे. परमुलखाचे विशेषण लागते ते मूळच्या घराबाहेर पडलेल्या रागाला. वराटीचे ते घर वऱ्हाडच असावे, असा माझा तर्क.

दक्षिणेत तीच ‘वराळी’ झाली. त्यागराजांच्या पंचरत्नांपैकी एक कृती वराळीत आहे. आणि गंमत अशी की, हा राग शिष्याला समोर बसवून शिकवू नये, गुरुशिष्यांत वितुष्ट येते, असा तिकडे समज आहे! उत्तरेत भातखंड्यांनी वराटी मारवा थाटात घातली. कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम दोहींकडे कायम आहेत.

इकडच्या मैफलीत मात्र मी ती अजून ऐकलेली नाही.