मुद्राचित्रांची परिभाषा आणि चित्रखरेदी

प्रास्ताविक

संज्ञा सैलपणे वापरली की अर्थाची हानी होते, हे आपण जाणताच. चित्रांच्या बाजारात अर्थाबरोबर पैशाचीही हानी होते. तेथे ‘प्रिंट’ हा एकच शब्द अगदी भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. त्या वस्तू ओळखण्यापुरती परिभाषा आपण या पाठात समजून घेणार आहोत.

१. मुद्राचित्र आणि प्रतिकृती

कलावंत लाकूड, धातूचा पत्रा किंवा दगड यांवर छपाईसाठीच चित्र रचतो, तेव्हा त्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रतीला मुद्राचित्र म्हणतात. अशी प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच असते. कारण तिच्याआधी रंगवून पूर्ण केलेले दुसरे चित्र नसते. याउलट, आधी रंगवलेल्या चित्रावरून छापलेली प्रत ही प्रतिकृती होय.

तंत्रानुसार मुद्राचित्रांचे प्रकार पडतात. काष्ठठशात कोरून उरलेला उंच भाग शाई घेतो. अम्लरेखनात आम्लाने खोल झालेल्या रेषांत शाई भरतात. यंत्राच्या दाबामुळे पत्र्याच्या कडांची खूण कागदावर उमटते. शिळामुद्रणात दगड सपाटच राहतो. तेलकट रेखाटन शाई धरते आणि ओला भाग ती दूर ठेवतो. म्हणून शिळामुद्रित चित्रावर कडांची खूण नसणे हा दोष नव्हे.

२. कागदावरील नोंद

चित्राखाली पेन्सिलीने ‘१२/५०’ असे लिहिलेले असल्यास, ५० प्रतींच्या आवृत्तीतील ही १२ क्रमांकाची प्रत, असा त्याचा अर्थ. हा क्रमांक छपाईचा क्रम दर्शवीलच असे नाही. ‘ए. पी.’ ही अक्षरे कलावंताने आवृत्तीबाहेर स्वतःसाठी राखलेली प्रत सुचवतात. मात्र संगणकीय इंकजेट प्रतिकृतीवरही सही आणि क्रमांक घालता येतात. म्हणून केवळ क्रमांकामुळे प्रतिकृतीचे मुद्राचित्र होत नाही.

३. एक उदाहरण : रविवर्म्यांची चित्रे

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चित्रांनी अनेक मराठी घरांच्या भिंती व देव्हारे सजले. ही चित्रे ‘ओलिओग्राफ’ म्हणून ओळखली जातात. रंगागणिक वेगळा दगड तयार करून ती छापली जात आणि त्यांना तैलचित्रासारखे रूप देण्याचा प्रयत्न असे.

ही मुद्राचित्रे म्हणावीत काय? काटेकोर अर्थाने नाही. रविवर्म्यांची रंगचित्रे कारागिरांनी दगडावर उतरवली होती. परंतु त्या दगडी ठशांवरून त्या काळी निघालेली प्रत हा आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा दस्तऐवज आहे. त्याच प्रतीवरून पुढे ऑफसेटवर छापलेले चित्र ही मात्र प्रतिकृतीची प्रतिकृती ठरते. दुकानात दोन्हींना ‘रविवर्मा प्रिंट’ म्हटले, तरी त्यांचे मोल सारखे नाही.

भिंगातून पाहिल्यास ऑफसेट छपाईत साधारणतः चार रंगांचे ठिपके एकसारख्या रचनेत दिसतात. जुन्या शिळामुद्रणात हाताने दिलेले ठिपके अनियमित असतात. सहीसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती हाताने केलेली नसून छापलेली आहे, असे समजावे.

४. खरेदीपूर्वी

‘हे अस्सल आहे का?’ या प्रश्नाला विक्रेता सहज ‘हो’ म्हणू शकतो. म्हणून आपण पुढील प्रश्न विचारावेत : छपाई कोणत्या तंत्राने झाली? ठसा कोणी घडवला? छपाई केव्हाची आहे? एकूण प्रती किती? उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. प्रतिकृती घेण्यात काहीच गैर नाही; ती प्रतिकृतीच्या किमतीत, जाणीवपूर्वक घ्यावी, इतकेच.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मुद्राचित्र व प्रतिकृती यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील एखादे जुने छापील चित्र भिंगातून पाहा आणि आपली निरीक्षणे दहा ओळींत लिहा.