मागच्या बाजूचे अक्षर

न्यू जर्सीहून भाच्याने पाठविलेली तबकडी मोठ्या उत्सुकतेने यंत्रात सारली आणि पडद्यावर चित्राऐवजी एकच सूचना उमटली, की ही तबकडी या विभागात चालविता येणार नाही. तेव्हा सिडकोतील आमच्या दिवाणखान्यात जी स्तब्धता पसरली, तिच्या स्मरणातूनच मी हा मजकूर लिहीत आहे. चूक सर्वस्वी माझी होती, ती टाळण्यास दोन मिनिटांचे वाचन पुरेसे होते, आणि आपल्या शहरात जपानी ॲनिमे मनापासून पाहणारी मुलेमुली आता घरोघरी असल्यामुळे हाच प्रसंग उद्या दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तबकडी होती 'इव्हँजेलियन' या चित्रपटमालेच्या चौथ्या आणि अखेरच्या भागाची. हिदेआकी आन्नो यांची मूळ मालिका ४ ऑक्टोबर १९९५ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि मार्च १९९६ मध्ये सव्विसाव्या भागाने संपली; त्या शेवटावरून प्रेक्षकांत मोठा वाद माजला, १९९७ मध्ये निराळा शेवट दाखविणारा चित्रपट आला, आणि पुढे २००७ पासून आन्नोंनी तीच कथा चार चित्रपटांतून पुन्हा सांगावयास घेतली. साथीमुळे दोनदा लांबणीवर पडलेला शेवटचा चित्रपट जपानात ८ मार्च २०२१ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात प्राइम व्हिडिओवरून आपल्याकडे पोहोचला. टाळेबंदीच्या काळात मुलीच्या आग्रहाने मी ती मालिका पाहू लागलो आणि तिच्याहून अधिक गुंतलो. अखेरच्या चित्रपटात, संहारातून वाचलेल्या माणसांच्या खेड्यात, आजवर केवळ आज्ञा पाळणारी एक अबोल मुलगी गावातल्या बायकांबरोबर चिखलात उतरून भाताची लावणी करते आणि प्रत्येक साध्या शब्दाचा अर्थ विचारते, तो भाग पाहताना माझा कंठ दाटून आला होता, हे मी निःसंकोचपणे नमूद करतो.

पाहून झालेल्या चित्रपटाची तबकडी कशासाठी, असे पुष्कळांनी मला विचारले. एक तर आम्ही पाहिलेली प्रत आणि तबकडीवरील प्रत एक नव्हती. या मालेतील प्रत्येक चित्रपट घरगुती प्रकाशनासाठी पुन्हा तपासला जातो आणि त्याचा क्रमांकही बदलतो. प्राइमवर होती ती ३.०+१.०१, आणि मार्च २०२३ मध्ये जपानात तबकडीवर आली ती काही दृश्ये सुधारलेली ३.०+१.११. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी १९१६ ते १९१८ या काळात जपानी कागदावर परिश्रमपूर्वक उतरविल्या होत्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. एकाच कोठारात ठेवलेल्या वस्तूचे काय होते, हे आम्हा अजिंठ्याच्या जिल्ह्यातील लोकांस कोणी शिकवावयास नको. आंतरजालावरील चित्रपट हा तर मुदतीच्या मक्त्यावर दाखविलेला माल. मक्ता सरला की तो यादीतून नाहीसा होतो, आणि भरलेल्या वर्गणीने आपला कोणताही हक्क शाबूत राहत नाही.

आता त्या सूचनेचा खुलासा. निरनिराळ्या मुलखांत चित्रपटाचे हक्क स्वतंत्रपणे विकता यावेत आणि त्यांचे प्रकाशन वेगवेगळ्या वेळी करता यावे, म्हणून निर्मात्यांनी ब्लू-रे तबकड्यांसाठी पृथ्वीची तीन विभागांत वाटणी केली आहे. अमेरिका आणि जपान 'ए' विभागात. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया 'बी'त. आणि भारत, चीन व रशिया 'सी'त. माझ्या डबीच्या मागील बाजूस, पृथ्वीगोलाच्या लहानशा चिन्हात, 'ए' हे अक्षर स्वच्छ छापलेले होते. मी मात्र पुढच्या बाजूवरील चित्रच न्याहाळीत बसलो होतो. पैठण गेटकडील ज्या दुकानातून यंत्र घेतले होते, तेथील मालकाने शांतपणे सांगितले, "साहेब, मशीन चांगलं आहे आणि डिस्कही चांगली आहे, फक्त दोघांचं जमणार नाही." तक्रार करावयास जागाच नव्हती.

तेव्हा मागविण्यापूर्वी ते अक्षर पाहावे. पुष्कळ तबकड्यांवर तिन्ही अक्षरे असतात, त्या निर्धास्तपणे घ्याव्यात. फोर-के तबकडीस विभागाचे बंधन नसते, पण तिच्यासाठी फोर-के यंत्रच लागते, आणि त्याच संचात सोबत दिलेली साधी ब्लू-रे मात्र बंधनात असू शकते. डीव्हीडीची वाटणी आणखी निराळी : तेथे अमेरिका १, जपान २ आणि भारत ५. 'मल्टी-रीजन' म्हणून विकली जाणारी यंत्रे अनेकदा केवळ डीव्हीडीपुरतीच तशी असतात, म्हणून ब्लू-रेविषयी स्वतंत्रपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे. उपशीर्षकांची भाषाही डबीवर वाचावी.

जकातीच्या बाबतीतही मी गाफील राहिलो. भाचा म्हणाला, "मामा, गिफ्ट म्हणून पाठवतो, काही लागणार नाही," आणि मी मान डोलावली. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना टपालाने येताना मिळणारी माफी डिसेंबर २०१९ मध्येच रद्द झाली असून ती राखी व जीवरक्षक औषधांपुरतीच उरली आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. पोस्टमनने पावती पुढे केली तेव्हा ते कळले. येणाऱ्या आप्ताच्या सामानातून वस्तू आणविल्यास ठराविक मर्यादेपर्यंत सवलत असते. तेवढा धीर मी धरावयास हवा होता.

पुढे मी संगणकाला जोडावयाची ब्लू-रे ड्राइव्ह घेतली आणि चित्रपट चालविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'ए' विभाग निवडला. ही निवड बदलण्याची मुभा मोजक्याच वेळा मिळते, म्हणून ती मुलीला शेजारी बसवून, दोनदा वाचून मग कायम केली. दोन तास पस्तीस मिनिटांचा तो चित्रपट त्या रात्री आम्ही मध्ये न थांबता पाहिला. शेवटी आन्नोंच्या जन्मगावचे, उबे येथील रेल्वे स्थानक येते, मोठी झालेली दोन माणसे हातात हात घेऊन जिना चढून बाहेर धावत सुटतात, आणि रेखाटलेल्या जगाच्या जागी खरेखुरे शहर उलगडत जाते. मुलगी म्हणाली, "बाबा, परत मागे घ्या ना, स्टेशनपासून." मी मागे घेतले.