लस आधी, विम्याचा पत्रव्यवहार मागाहून

माझी थोरली बहीण अक्का पंचाहत्तरीला आलेली असून मधुमेहाने बरीच वर्षे ग्रस्त आहे, एप्रिलमध्ये तिच्या डॉक्टरांनी फ्लूची लस टोचून घेण्यास सांगितले, तेव्हा ‘एवढा हप्ता भरते, तर लसीचे पैसे विम्यातूनच मिळाले पाहिजेत, मंजुरी येऊ दे, मग घेईन’ असा तिने आग्रह धरला. तो अवाजवी होता असे मला आजही वाटत नाही. पॉलिसी काढताना घरी आलेल्या एजंटाने ‘काकू, सगळं कव्हर आहे’ अशी तोंडभर हमी दिली होती, आणि कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात प्रतिबंधक आरोग्यसेवेचा उल्लेखही ठळक अक्षरांत होता. अर्ज गेला, कागदपत्रांची मागणी आली, ती रुजू केली, पुन्हा खुलासा मागवण्यात आला, आणि या लिखापढीत उन्हाळा सरून पाऊस सुरू झाला. श्रावणाच्या तोंडावर अक्काला ताप आला, धाप लागली, तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. लाखाच्या पुढे गेलेले ते बिल कंपनीने किरकोळ कपात करून विनातक्रार मंजूर केले. पुढे काही दिवसांनी दीड-दोन हजारांच्या लसीसंबंधीच्या अर्जाचे उत्तर आले, ते नामंजुरीचे.

ते पत्र मी पॉलिसीच्या मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहिले. वगळलेल्या बाबींच्या प्रकरणात, बारीक टाइपात, एक कलम होते: प्राण्याच्या चाव्यानंतर द्यावयाच्या लसीखेरीज अन्य कोणतेही लसीकरण देय नाही. अशा आशयाचे कलम आपल्याकडील पुष्कळ पॉलिसींत आढळते, कारण त्यांची मूळ रचनाच किमान २४ तासांच्या रुग्णालयवासावर उभी आहे आणि दवाखान्यात टोचलेली सुई त्या व्याख्येत बसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना खुली झालेली आयुष्मान भारत योजना वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार देते खरी, पण तोही दाखल झालेल्या रुग्णाला. ज्या आजाराचा खर्च कंपनी मुकाट्याने सोसते, तो टाळण्याचा अल्प खर्च मात्र तिला अमान्य असावा, ही व्यवस्था वृद्धांवर अन्याय करणारी आहे आणि नियामक प्राधिकरणाने ती बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर ज्येष्ठांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी लस विम्याच्या मंजुरीवर टांगून ठेवू नये. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट बहुधा पावसाळ्यात येते (२००९ च्या ऑगस्टमधले पुणे ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगणे नको) आणि लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा काळ उत्तम. विषाणू सतत पालटत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लसीचे घटक नव्याने सुचवते, तेव्हा गतवर्षीच्या टोचणीवर विसंबता येत नाही. खोक्यावर आवृत्तीचे वर्ष छापलेले असते, ते सुई टोचण्याआधी पाहून घ्यावे आणि पक्की पावती मागावी.

आता पैशाविषयी. काही पॉलिसींत जादा हप्त्यावर बाह्यरुग्ण खर्चाची जोड मिळते, काहींत लसीसाठी ठराविक रक्कम असते. परंतु तिची कमाल मर्यादा किती, प्रतीक्षाकाल किती आणि लस कंपनीने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते काय, हे तिन्ही प्रश्न ई-मेलने विचारून कलमाच्या क्रमांकासह लेखी उत्तर घ्यावे, कारण एजंटाच्या तोंडी शब्दाला दाव्याच्या वेळी कवडीची किंमत राहत नाही. नवी पॉलिसी हाती आल्यावर ती न पटल्यास परत करण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. माहितीपत्रक बाजूला ठेवून वगळलेल्या बाबींचे प्रकरण त्या मुदतीतच वाचावे. पॉलिसीत लाभ लिहिलेला असूनही तो नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्यांचे कार्यालय मुंबईप्रमाणे पुण्यातही आहे, तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते.