बोटीतील शौचकूप आणि पाटाचे पाणी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही. पण बोट बुडवू शकणारे एक तत्त्व तेथील पाटाकाठी पाहता येते. पाण्याने भरलेल्या नळीचे एक टोक पाटात बुडवा, दुसरे काठापलीकडच्या सखल वाफ्यात सोडा. पाणी आधी काठ चढते, मग खाली वाहते. हीच वक्रनलिका, म्हणजे सायफन.

शिडाच्या बोटी दूरवर जातात. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा लहान बोटींत शौचकूपाचे भांडे बरेचदा बाहेरच्या जलपातळीखाली असते. हातपंपाने समुद्राचे पाणी आत घेतात आणि मैला बाहेर ढकलतात. पंपाची झडप झिजली, तर समुद्र हा पाट आणि भांडे हा वाफा! भांडे ओसंडून बोटीत पाणी भरते.

म्हणून नळीला जलपातळीच्या वर उंच बाक देऊन माथ्यावर हवेची झडप बसवतात. पंप थांबताच हवा शिरते आणि धार तुटते. ही झडप मिठाने चिकटू नये म्हणून ती गोड्या पाण्याने धुतात. बोट सोडताना बुडाचे दोन्ही कॉक बंद करतात.

भांड्यातील पाणी आपोआप वाढले तर? आत येणाऱ्या नळीचा कॉक बंद करावा. वाढ थांबली, तर दोष त्या नळीत. न थांबल्यास मैल्याच्या नळीत.

करून पाहा : दोन बादल्या वरखाली ठेवून रबरी नळीने सायफन सुरू करा. नळीच्या माथ्याला खिळ्याने भोक पाडा. पाणी भोकातून बाहेर उडते, की हवा आत जाते? का?