चिकटवही कोणाची?

चिकटवही म्हटली की आपणांस शाळेतला हस्तव्यवसायाचा तास आठवतो. अमेरिकेत मात्र या छंदावर मोठा व्यापार उभा राहिला. विनोदी लेखक मार्क ट्वेन याने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या वहीचे पेटंट घेतले. डिंक पानावर आधीच वाळवलेला; तो ओला करून कात्रण दाबले की काम झाले! पुढे १९८० साली सॉल्ट लेक सिटीतील एका परिषदेत मेरीएलन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या वह्या मांडल्या, आणि या छंदाला नवी लाट आली. खास कागद, नक्षीच्या कात्र्या यांची दुकाने निघाली. आम्लविरहित कागद हवाच, नाहीतर पाने पिवळी पडून तुटतात. पण नक्षीचे ओझे कशाला? ट्वेनने अडचण कमी केली, या दुकानांनी खर्च वाढवला.

त्याहून मोठी अडचण फोटोंची. छंदाच्या पुस्तकांत पानाच्या मध्यभागी फोटो धरलेलाच असतो. माझ्या आजीचा एकही फोटो नाही. मी तिचा अंगठा उमटलेली सोसायटीची जुनी पावती लावली आणि खाली आईने सांगितलेली हकीकत लिहिली. आई ती वही चाळते तेव्हा त्याच पानावर थांबते.

आपल्या वाङ्मय मंडळाने चिकटवह्यांचे प्रदर्शन भरवावे. फोटोची अट मात्र घालू नये.